तीस दिवसांत परत येण्याच्या अटीवर

३ नोव्हेंबर २०१४, सोमवार
ड्युसेलडॉर्फच्या या जपानी कंपनीत सात वर्षं सडतोय. टेस्टिंग विभाग माझ्यावर चालतो, हे इथल्या एकाही मठ्ठाला कळत नाही.

लंचला टोकियोहून आलेल्या मियागावासानने बेसबॉल सांगितला. तिकडे खेळाडू क्लबला नऊ वर्षं बांधलेला. त्याआधी अमेरिकेत जायचं तर क्लबची मनधरणी करायची. क्लब राजी झाला की नाव जाहीर. मग अमेरिकन क्लब जुन्या क्लबला मोबदला कबूल करतात आणि खेळाडूशी बोलतात. तीस दिवसांत नाही जमलं तर गडी परत जुन्या क्लबात.

घोडे झालेले पुरुष परवानगी मागतात. कीव आली. पद्धत मात्र माझ्यासारख्यासाठीच आहे.

५ नोव्हेंबर
प्लॅन पक्का. साहेबाने मला जाहीर करायचं. दक्षिणेकडच्या बॉबलिंगेन गावातल्या कार कंपन्यांत झुंबड उडेल. तिथे नाही पटलं तर जवळचं गेर्लिंगेन राखीव.

स्वरूपाला सांगितलं, सामान बांधायला घे. ती म्हणाली, आधी कुणाला तुम्ही हवे आहात का ते विचारा. बायकोला मार्केट कळत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
क्लाइनश्मिटसाहेबाला तासभर समजावलं. तीस दिवस, नाहीतर परत. तो दोनदा ‘इंटरेसांट’ म्हणाला. जर्मन माणूस याहून जास्त कौतुक करत नाही.

म्हणाला, कंपनी सोडताय असं लेखी द्या, सहीसकट. दिलं. ३१ डिसेंबरपासून मोकळं करा, असं लिहिलं. तीस दिवसांचं त्यात घातलं नाही, बोलणं झालंच होतं. या लोकांना कागद चघळल्याशिवाय झोप येत नाही.

दुपारी मंजुरी हातात. इथे खुर्ची बदलून मिळायला तीन आठवडे लागतात. माझी किंमत कळली म्हणायची.

१२ नोव्हेंबर
एकेचाळीस कंपन्यांना मेल. उत्तर नाही. आपसात ठरवत असणार.

१९ नोव्हेंबर
एक उत्तर! मेल मिळाली, असं मशिनने कळवलंय. म्हणजे पोचली.

२६ नोव्हेंबर
बॉबलिंगेनहून फोन. बाई जर्मनची चाचणी घेऊ लागली. मी म्हटलं, ते राहू दे, माझ्या कंपनीला तुम्ही काय देणार? मग म्हणाली, कळवते. वरिष्ठांना विचारावं लागत असेल. कारकून लेकाचे.

५ डिसेंबर
कळवलेलं नाही. बॉबलिंगेन तसं खेडंच. ठरवलं, इथेच राहून यांच्यावर उपकार करावेत.

८ डिसेंबर, सोमवार
तीस दिवस संपले. साहेबाला सांगितलं, मी परत आलोय. त्याने माझाच कागद पुढे केला. याला इथे राजीनामा म्हणतात, म्हणाला. माझ्या जागी माणूस जानेवारीत येतोय. मी तीस दिवसांची आठवण दिली. तो म्हणाला, ते इंटरेसांट होतं.

मियागावासानकडे दाद मागितली. तो हळूच म्हणाला, “श्यामकांतसान, तिकडे क्लबला खेळाडू जाऊ नये असं वाटत असतं.”

रात्रीचं जेवण गेलं नाही. नोकरी नाही, आणि व्हिसा नोकरीवर. भीती वाटतेय.

शेवटी स्वरूपाला सांगितलं. ती ओरडली नाही. आर्बाइट्साजेंटूरची, म्हणजे बेकारांच्या कचेरीची, वेळ तिने कधीच घेऊन ठेवली आहे. मी कागद दिला त्याच संध्याकाळी. उद्या सकाळी आठ वाजता. ती सोबत येणार आहे. मला म्हणाली, तिथे तुम्ही फक्त सही करा, बोलेन मी.