उरवड्याच्या दोन गंगूबाई

पिरंगुट

ती. सुनीतीमावशीस,

जुईलीचा साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? जिना दिवसातून एकदाच चढेन असं कबूल केलं होतंस (मोडलंही असशील, मला माहीत आहे). मी मजेत आहे, पोटभर जेवते.

माझे घरमालक हैबतराव, त्यांच्या सायलीचं लग्न ठरलं. आमंत्रणाच्या याद्या तिघांनी केलेल्या, नावं नऊशे, आणि एकेक माणूस दोनदोनदा. मला मिरवायची खोड. म्हटलं, दुबार नावं गाळणारा प्रोग्राम मी लिहिते. आता गंमत बघ, कॉम्प्युटरला दोन हुबेहूब नोंदीसुद्धा वेगळ्याच वाटतात, कारण त्या दोन ठिकाणी ठेवलेल्या असतात. समान कशाला म्हणायचं ते आपण ठरवून द्यावं लागतं. मी दिलं ठरवून: नाव, आडनाव, गाव जुळलं की माणूस एकच. (ऑफिसात याला शाबासकी मिळाली असती.)

उरवड्यात गंगूबाई निघाल्या दोन, एकमेकींच्या चुलत जावा. पत्रिका एकीला गेली. राहिली ती हैबतरावांची सख्खी बहीण, नवरीची आत्या! तिचा निरोप आला, "बारशाला पोरीचं नाव म्या ठेवलं, आन् आता माजंच नाव न्हाई व्हय? म्या न्हाई येत." हैबतराव त्या दिवशी जेवले नाहीत. सायलीने सांगून टाकलं, आत्या नसेल तर हळद लावून घेणार नाही. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

शेवटी मीच पत्रिका घेऊन उरवड्याला गेले. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि जावेला हाक मारली. दोघी अंगणात शेजारीशेजारी उभ्या. एक ताडमाड, दुसरी माझ्या खांद्याला लागेल एवढी. "बघ नीट. सारख्या दिसतुय आमी?" मावशी, मी चक्क रडायला लागले. तेव्हा त्यांची जाऊ, धाकट्या गंगूबाई, म्हणाल्या, "ही येनार न्हाई तर म्या बी जानार न्हवते." आत्याबाईंनी पदराने माझे डोळे पुसले. "गप आता. तुज्या यंत्राला म्हनावं, कोन कुनाचं ते आदी इचारत जा." हळदीला दोघी आल्या, पहिली हळद आत्याबाईंनी लावली.

तेव्हापासून यादीत नात्याचा रकाना वाढवलाय. शंका आली की प्रोग्राम मुकाट्याने थांबतो आणि विचारतो.

तुझी,
जुईली

ता. क. : सध्या त्यात माझ्याच लग्नाची यादी घालते आहे. (मुलाचं नाव निषाद. रागावू नकोस, रविवारी घेऊन येते.)

आणखी एक : प्रोग्राम एका जागी अडलाय. 'मुलीची आई' आणि 'मुलीची मावशी' या दोन्ही ठिकाणी मी सुनीतीच लिहिलंय, तर एकच धरू का, असं विचारतोय. मी केव्हाच 'हो' दाबलं असतं. आई गेल्यापासून माझ्यासाठी ते तसंच आहे, फक्त तुला कधी विचारलं नव्हतं. पत्रिकेवर आई म्हणून तुझं नाव छापू ना?