फळीतली नवरी

६ नोव्हेंबर
यामागाताला आले! नवी नोकरी, नवी खोली, खिडकीतून डोंगरमाथ्यावरचं बर्फ दिसतं. जुन्या वस्तू तपासायच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघीच: मी आणि शिगेनो मिसाओ. मिसाओसान पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी अळकुड्यांचा वाफाळता रस्सा पुढे ठेवून म्हणाल्या, "तुम्ही सेंदाईची माणसं यात सोयाबीनचा खारट मिसो कालवता ना? इथं कालवलास तर चालती हो, तोमोए." तीन वाट्या संपवल्या.

८ नोव्हेंबर
पहिलं काम: देवळातून आलेली, लग्नाचं चित्र रंगवलेली लाकडी पाटी. दीडशे वर्षांपूर्वी सेइकिची नावाचा मुलगा लग्नाआधीच वारला, म्हणून आईबापांनी त्याचं लग्न चित्रात लावून दिलं. रंग पार काळवंडलेत. फळी चांगली रुंद, पण जाडीला जेमतेम चौदा मिलिमीटर. अशी सपाट वस्तू गोल फिरवून क्ष-किरणांनी पाहता येत नाही; आडवी धरली की किरण रुंदीतच जिरतात. म्हणून आम्ही समोरून किरण सोडतो आणि आदळून विखुरलेले जे माघारी येतात, ते टिपतो. त्यातून हव्या त्या खोलीवरचा थर वेगळा दिसतो. तीन मिलिमीटरवर नवरीचा चेहरा सापडला. वरच्या रंगात तो नाहीच! मिसाओसान टाळ्या वाजवत होत्या.

११ नोव्हेंबर
पुन्हा तपासणी. चेहरा सहा मिलिमीटरवर. यंत्र दोनदा जुळवून पाहिलं, आकडा तोच. आज चेहरा स्पष्ट आहे, ओठाखाली तीळसुद्धा दिसतो. मी थट्टेनं म्हटलं, अगदी तुमच्यासारखा. मिसाओसान हसल्या नाहीत. सकाळपासून त्यांना हुडहुडी भरलीय.

१३ नोव्हेंबर
नऊ. मिसाओसानना दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टरांना कारण सापडत नाही, अंग मात्र गारठत चाललंय. न राहवून देवळात फोन केला. तिथले वृद्ध भिक्षू रयोकाई यांनी एकच विचारलं, फळीला कुणाचं नाव लावलंत का? अशा पाटीवर नवरीचं नाव नेहमी मनानं रचलेलं असतं. जिवंत बाईचं लावलं, तर तो मेलेला नवरा तिला घेऊन जातो.
यंत्र चालवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी आम्ही प्रत्येक वस्तूच्या पाठीला लावतो. 'शिगेनो मिसाओ.' ती मी लिहिली. मीच चिकटवली.

१४ नोव्हेंबर
चिठ्ठी जाळली. दहा. रचलेल्या नावाची दुसरी लावली. अकरा. रयोकाईंना पुन्हा फोन. ते म्हणाले, त्यानं तिला पाहिलंय, आता खोट्या नावावर त्याचं समाधान होणार नाही. मी विचारलं, मग दुसऱ्या कुणा जिवंत माणसाचं नाव लावलं तर? ते म्हणाले, "पोरी, तू आपली सेंदाईला घरी जा."
नाही म्हणाले नाहीत.

१५ नोव्हेंबर
बारा. दुपारी दवाखान्यात गेले. मिसाओसान डोळे मिटूनच पुटपुटल्या, शेजारी एक मुलगा बसलाय, बोलत नाही, नुसती बाही धरून ठेवलीय. मी सगळं सांगून टाकलं. पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडले. त्या म्हणाल्या, "वेडी कुठली. तुला काय ठाऊक होतं?" माझा हात चाचपत होत्या. हाती लागला तेव्हा— त्यांचा हात इतका गार, माणसाचा हात असा—

१६ नोव्हेंबर, सकाळ
तेरा. एकच मिलिमीटर उरलाय. त्यापुढे फळीच नाही. मग त्या कुठे—
अजून कुणाला विचारू? कोण विश्वास ठेवील?
लिहिलं. 'उसुदा तोमोए.' चिकटवलं.

१६, दुपार
दवाखान्यातून फोन. मिसाओसान उठून बसल्या. भूक लागलीय म्हणतात. परिचारिकेवर ओरडल्या, रस्सा पाणचट आहे म्हणून. मी हसले. मग रडले.
पडद्यावर त्यांचा चेहरा नाही. माझा आहे. तीन. नाही— पाच—

उजवी बाही जड. कुणीतरी ओढ—

दहा. त्यांच्या वेळी इतकी घाई नव्हती—

मिसाओसानना कळू देऊ नका. आईला सांगा, नाव मी स्वतःच्या हातानं, राजीखुशीनं लि