हे भोक उघडंच ठेवायचं

२४ ऑक्टोबर, मंगळवार

मागच्या शेडमध्ये लाकडाचा स्टोव्ह बसणार. वृत्ताला दुजोरा खुद्द नॉरिसचा – सकाळी, टोस्टला लोणी लावताना. कारण असं की बँडची वाद्यं दुरुस्त करताना बोटं आखडतात आणि कॉर्नेटच्या कळा गारठ्यात चिकटतात. नाताळची कॅरोल्स तोंडावर आली आहेत.

"विजेचा हीटर ने की," मी म्हटलं.

"त्याने हवा तापते. हात तापत नाहीत."

चाळीस वर्षं लोकांच्या घरांत बॉयलर आणि स्टोव्ह बसवलेल्या माणसाशी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण तो माणूस वेगळा होता. आताच्या नॉरिसच्या हाती आग द्यावी का? हे मी फक्त इथेच विचारते. रविवारी घराच्या किल्ल्या पावाच्या डब्यात निघाल्या. विचारलं तर म्हणाला, "ठेवल्या असतील मी." बस. पूर्वीचा नॉरिस जेवणापर्यंत भांडला असता.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

स्टोव्ह आला. कालव्यावरच्या कुठल्याशा बोटीतून काढलेला, बिडाचा, एखाद्या लठ्ठ कुत्र्याएवढा. शेजारच्या सिरिलने आणि नॉरिसने तो मधल्या भिंतीवरून अलीकडे घेतला. सिरिल बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, त्यामुळे त्याला दम आहे. जिभेलाही.

"थेल्मा, काढलंस म्हणायचं शेवटी नवऱ्याला घराबाहेर."

"तो आपणहून चाललाय."

"मग मलाही एक खुर्ची ठेवा. आमच्याकडे आपणहून जायची सोय नाही."

नॉरिस हसला. बऱ्याच दिवसांनी.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

छपराला भोक पाडून ठेवलंय, आणि पाऊस.

४ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर त्याच्या मागे उभी राहिले. तीस वर्षं साप्ताहिकात काढली. बुधवारी पानं छापायला जायच्या आधी प्रूफ वाचायचे तशी त्याच्यावर नजर ठेवून होते. चूक सापडली नाही. खाली दगडी फरशी, स्टोव्हच्या पुढेही हातभर निघेल अशी, म्हणजे निखारा पडला तर लाकडावर पडायला नको. मागे न पेटणारे पत्रे, भिंतीपासून अंतर सोडून. छपरातून जातो तिथे धुराचा नळ दुपदरी, आणि कडेचं लाकूड चांगलं लांबपर्यंत कापून काढलेलं.

"विषारी वायूचा अलार्म?" मी विचारलं.

"लावला. त्या वायूला वास नसतो. नाकावर भरवसा ठेवलेली माणसं मी पाहिलीत. उचलताना."

मग जमिनीलगत भिंतीला एक गोल भोक पाडलं. आत जाळी, बाहेर पावसासाठी पत्र्याची टोपी. भर नोव्हेंबरात भिंतीला मुद्दाम भोक! माझ्या आईने हे पाहिलं असतं तर तिथेच बसली असती.

"हे कधी बंद करायचं?"

"कधीच नाही. आगीला हवा लागते. बाहेरची नाही मिळाली तर ती खोलीतली खाते, आणि खोलीत आपण असतो."

असं सांगताना तो अगदी जुना नॉरिस होता. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

६ नोव्हेंबर, सोमवार

काल गावच्या मैदानावर पाच नोव्हेंबरची दरसालची होळी झाली, फटाके झाले. म्हणजे आज मेणबत्ती घेऊन घरभर फिरायचं. आई फिरायची, तिची आई गिरणीच्या चाळीत फिरायची. खिडक्या, दारं, कपाटांच्या मागे – ज्योत हलली की थांबायचं आणि तिथे चिंधी कोंबायची. या खोऱ्यातल्या बायका माळरानावरच्या वाऱ्याशी दुसऱ्या कशाने लढणार? हात आपोआप चालतात, डोकं लागत नाही.

जुने लांब मोजे, उशीचे अभ्रे, सगळं वापरलं. नॉरिसचे हिरवे लोकरी मोजे – टाचा गेलेले – टोपलीत शिल्लक राहिले. पुढे लागतील.

९ नोव्हेंबर, गुरुवार

किटली कोरडी जळली. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होते, वास आला म्हणून गेले, तर नॉरिस ती चिमट्याने नळाखाली धरून उभा.

"मीच ठेवली असेन," म्हणाला. मी काही विचारायच्या आधीच.

गेलला फोन केला. पोटच्या पोरीला तिच्या बापाबद्दल असं सांगणं सोपं नाही, पण सांगितलं – किल्ल्या, पावाचा डबा, सगळं.

"आई, किल्ल्यांचं तू सोमवारी सांगितलंस मला."

"मग केलंस काय तू त्यावर?"

लीड्सहून इथे यायला असा कितीसा वेळ लागतो?

१५ नोव्हेंबर, बुधवार

पहिला जाळ. आधी धुराची गोळी पेटवून पाहिली, सगळा धूर नळातून वर गेला, सांध्यातून एक रेघ नाही. सिरिल आपल्या बागेतून छपरावरच्या पांढऱ्या धुराकडे बघत ओरडला, "रोममध्ये पोप निवडला का रे?" मग लाकडं टाकली. वर्षभर वाळवलेली, बर्चची. काचेमागे जाळ उभा राहिला आणि शेड तांबूस झाली. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला लिहू.

पण दोन गोष्टी.

एक. खुर्च्या दोन. "दुसरी कोणाची?" म्हटलं. "बसेल कोणी." "सिरिल?" तो लाकडं रचायला वळला.

दोन. भिंतीवर खडूने लिहिलंय. शाळेत फळ्यावर लिहावं तशा मोठ्या अक्षरांत. *दार हळू उघड.* *राख बादलीत, बादली बाहेर.* *अलार्म वाजला की आधी बाहेर.* आणि त्या जाळीच्या वर, बाण काढून: *हे भोक उघडंच ठेवायचं.*

चाळीस वर्षं हेच केलेल्या माणसाला हे भिंतीवर लिहून ठेवावं लागतंय! चहा नेला होता तो तसाच परत आणला.

२० नोव्हेंबर, सोमवार

भयंकर वारा. माळावरून सरळ खाली येतोय. घराचं थडगं झालंय.

२२ नोव्हेंबर, बुधवार

जिना अजून गार लागतोय. पुन्हा एकदा घर फिरावं म्हटलं तर आईची मेणबत्ती जागेवर नाही. ड्रॉवर उपसला. नॉरिसने कुठे नेऊन ठेवली कोण जाणे. विचारलं नाही. म्हणाला असता, "नेली असेल मी."

गेल बोलली त्याच्याशी फोनवर. स्मृतीच्या तपासणीचं काढलं तिने एकदाचं. मला वाटलं आता भडकेल. तर शांतपणे म्हणाला, "जाऊ या की. दोघं जाऊ." ५ डिसेंबरची वेळ मिळाली आहे, नॉरिसच्या नावावर.

२६ नोव्हेंबर, रविवार

काल लिहिता आलं नाही. क्रमाने लिहिते.

दुपारी नॉरिस शेडमध्ये होता, बँडचं युफोनियम दुरुस्तीला आलेलं. वारा पडल्यावर त्याने पहिल्यांदाच पुन्हा स्टोव्ह पेटवला होता. मी स्वयंपाकघरात सलगम सोलत होते. कुठलासा पक्षी ओरडत होता – एकसारखा, चिरका. या दिवसांत कुठला पक्षी, असा विचार करत मी सोलत राहिले. मग सिरिल भिंतीवरून उडी मारताना दिसला. सत्तरीचा माणूस.

मी पोचले तेव्हा त्याने नॉरिसला ओढून वाफ्यात आणलं होतं. शेडचं दार सताड उघडं. अलार्म किंचाळत होता. तोच पक्षी.

"थेल्मा, ऐकू येत नव्हतं का तुला?" सिरिल म्हणाला. रागाने नाही, घाबरून.

नॉरिस शुद्धीवर होता, पण उठता येत नव्हतं. अलार्म वाजला तेव्हा पाय जागचे हललेच नाहीत म्हणाला. डोकं फुटतंय म्हणाला. मग ओकला.

रात्री इस्पितळात प्राणवायू लावून ठेवला होता. आज घरी आणलाय. वाचला.

सकाळी सिरिलने शेड तपासली. आतली जाळी मोकळी. बाहेरच्या पत्र्याच्या टोपीत हात घातला तर हिरवा लोकरी मोजा, घट्ट गुंडाळून कोंबलेला. माझ्या टोपलीतला. पेटवण्याआधी नॉरिसने आतून पाहिलं असणार, आणि बाहेर आपणच काय कोंबलंय ते विसरला असणार.

इस्पितळात डॉक्टर बाई म्हणाल्या, "यांना विसरायला होतं का हल्ली?"

"हो," मी म्हटलं.

नॉरिसच्या तोंडावर मुखवटा होता. माझ्याकडे पाहिलं आणि त्याने मान हलवली. हो अशी.

२९ नोव्हेंबर, बुधवार

गेल येऊन गेली. स्टोव्ह काढायचा असं तिचं ठरलंय. "बाबा, पुढच्या वेळी सिरिलकाका घरी नसले तर?"

"बरोबर आहे तुझं," नॉरिस म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "अरे, भांड की! चाळीस वर्षांत एक भोक बुजलं नाही तुझ्या हातून, आणि स्वतःच्या शेडमध्ये मोजा कोंबतोस?"

"झालं असेल, थेल्मा."

गेलने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गाडीत बसताना मला मात्र घट्ट धरलं. मला कशाला? मी ठीक आहे.

१ डिसेंबर, शुक्रवार

तो शेडमध्ये जाऊन बसतो. जाळ नाही, काही नाही. कोट घालून.

४ डिसेंबर, सोमवार

बागेचा कोट धुवायला काढला, खिसे उलटे केले. उजव्यात आईची मेणबत्ती, अर्धी जळलेली. डाव्यात हिरवा मोजा. दुसरा.

कोट माझा आहे. नॉरिसला तो खांद्यात बसत नाही.

मला काहीच आठवत नाही.

शेडमध्ये गेले. मोजा त्याच्या मांडीवर ठेवला. त्याला नवल वाटलं नाही.

"भिंतीवरचं कोणासाठी लिहिलंस, नॉरिस?"

"मला कशाला लागतंय ते?"

"आणि किटली? किल्ल्या?"

"बस आधी," म्हणाला, आणि दुसरी खुर्ची पुढे ओढली.

उद्या सव्वादहा. वेळ तीच, नाव माझं. दुजोरा गेलचा, तिने दवाखान्यात फोन केला. गाडी नॉरिस चालवणार. परत आल्यावर स्टोव्ह पेटवायचा – मी पेटवायचा, भिंत वाचत वाचत. तो शेजारी बसून बघणार आहे.