मेव्हण्याला उजवीकडे घेतलं

११ जानेवारी, शनिवार

आज मेव्हण्याला उजवीकडे घेतलं.

चार वर्षं तो माझ्या डावीकडून पळतो. त्याला जन्मापासून दिसत नाही. दोघांच्या हातांत एकाच दोरीची दोन टोकं असतात. माझ्या जुन्या गिटारचा पट्टा कापून हिने ती शिवून दिली. रस्ता मी तोंडाने सांगतो. खड्डा. चढ. समोर कुत्रं आहे, पण सज्जन दिसतंय.

"आज बाजू का बदलली?"

"डावा खांदा धरलाय."

खोटं सांगायला माणूसही काय निवडला मी! लोकांचे खांदे रगडून ज्याचं घर चालतं तो फिजिओथेरपिस्ट. त्याने मला रस्त्यातच थांबवलं, दोन बोटं रोवली आणि म्हणाला, "खांदा लोण्यासारखा आहे, भाऊजी. दुसरं काहीतरी धरलंय."

धरलंय खरं. आठवडा झाला, डाव्या कानात ओला कापूस कोंबल्यासारखं वाटतं, आणि कापसामागे कुणीतरी जुना फ्रीज चालू ठेवलाय. मेव्हणा डावीकडून बोलला की पोचत नाही. सर्दी असेल. पन्नाशीनंतर सर्दीसुद्धा वाट चुकते.

घाबरलेलो नाही. फक्त नोंद.

१३ जानेवारी, सोमवार

वाफ घेतली. कापूस तसाच, फ्रीज तसाच. नोंदीत दुरुस्ती — थोडा घाबरलोय.

१८ जानेवारी, शनिवार

शो झाला. झाला म्हणजे संपला.

स्वतःची गाणी स्वतः लिहायची, स्वतः ध्वनिमुद्रित करायची, आणि जागा मिळेल तिथे स्वतःच खुर्च्या मांडून गायची, असा माझा धंदा. बाकी काही नसलं तरी गिटार सुरात असते, हा माझा तोरा. तारा लावायला चिमट्याएवढं यंत्र मिळतं, गिटारच्या डोक्याला अडकवायचं, सूर जुळला की हिरवा दिवा. मी त्याची आयुष्यभर टिंगल केली. वडील संस्कृतचे मास्तर. उच्चार कानाने तपासायचा, पुस्तकात बघून नाही, ही घरची शिस्त. मीही गिटारच्या लाकडाला डावा कान टेकवून तारा लावतो.

आजही डावाच टेकवला. सवय!

पहिल्या गाण्याला कीबोर्डवाली माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं कुणी जेवताना ताटात केस बघतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत मला वाटत होतं की तीच चुकतेय. मग ढोल्याने — हा आमचा ड्रमवाला, अंगाने काडी, नाव ढोल्या — काठ्या खाली ठेवल्या आणि श्रोत्यांना म्हणाला, "दोन मिनिटं. मास्तरांची तार तुटलीय." कुठलीच तार तुटली नव्हती.

पडद्यामागे त्याने खिशातून ते चिमट्याचं यंत्र काढलं. "लाव."

"मी?"

"लाज वाटत असेल तर टोपी घाल त्यावर. पण लाव."

लावलं. सहाच्या सहा तारा चुकलेल्या.

घरी येऊन दार लावून बसलो. एकच तार छेडली. आधी उजव्या कानाशी, मग डाव्या. उजव्यात माझा ओळखीचा सूर. डाव्यात त्याच्याहून वर कुठेतरी, किडक्या दातासारखा, दुसराच. पुन्हा छेडली. पुन्हा दोन. एका तारेतून दोन सूर निघत नाहीत. मग दुसरा कुठून येतोय?

माझ्यातून येतोय.

१९ जानेवारी, रविवार



सकाळी लांब पल्ल्याचा सराव. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मॅरेथॉन आहे. मेव्हणा शिकला त्या अंध मुलांच्या शाळेत पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची खोली बांधायची आहे. आम्ही दोघं शेवटपर्यंत पळालो तर लोक देणग्या देणार, असं ठरलंय. शाळेने फलकावर आमचा फोटो लावलाय. त्यात मेव्हणा देखणा दिसतो आणि मी त्याला पळवून नेल्यासारखा.

नदीवरचा पूल उतरत होतो. तो उजवीकडे, मी डावीकडे, रस्ता मोकळा. मी त्याला काहीतरी विनोदी सांगत होतो. अचानक दोरी ताणली गेली आणि मेव्हण्याने मला अख्खाच्या अख्खा आपल्या अंगावर ओढून घेतलं. डाव्या कोपराला वारा लागून गेला. मोटारसायकल! मागून आली, भरधाव. हॉर्न वाजवत आली होती म्हणे.

मला काही ऐकू आलं नाही. काहीच नाही. आधी वारा, मग मोटारसायकल.

आम्ही कठड्याला टेकलो. तो धापा टाकत म्हणाला, "भाऊजी, तो पुलाअलीकडच्या दुकानापासून हॉर्न मारत होता."

"माझं लक्ष नव्हतं."

"हं," म्हणाला. त्याचा 'हं' मला आवडत नाही. बोटं रोवल्यासारखा असतो.

तो उजवीकडे होता म्हणून मी मधे होतो. त्याला जुन्या जागी ठेवलं असतं तर मधे तो असता. हे दुपारपासून डोक्यातून जात नाहीये.

२० जानेवारी, सोमवार

मेव्हणा चहाला आला आणि नवीन कायदा करून गेला. यापुढे पळताना बोलायचं नाही. "तुमचं निरूपण ऐकून माझा दम तुटतो. दोरीने बोलू." एक हिसका म्हणजे पुढे मोकळं. दोन म्हणजे वळण. लांब ओढ म्हणजे थांब.

"आणि दोन्ही बाजूंनी," म्हणाला. "मीही बोलणार."

"तू मला काय सांगणार? रस्ता मोकळा आहे म्हणून?"

"का, काल नाही सांगितलं?"

ही स्वयंपाकघरातून हसली. मीही हसलो. मग दोघं अंगणात उभे राहून हिसके देत बसलो, शेजारचे बघत होते. वडिलांनी मला तीनशे सूत्रं पाठ करायला लावली. मेव्हण्याचं व्याकरण तीन सूत्रांत आटोपतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

कानाच्या डॉक्टरीणबाई. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, बोलायला शांत. काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाला मी शाळेतल्या हुशार मुलासारखा दाबत होतो. मग डाव्याची पाळी आली. मी वाट बघत राहिलो. काचेपलीकडे मदतनीस यंत्रावर काहीतरी फिरवत होती, फिरवत होती, माझ्याकडे बघत होती. मला वाटलं अजून सुरू व्हायचंय.

"झालं," म्हणाली.

आतला कान. आपलंच शरीर आपल्याच कानावर उठतं, असं काहीसं म्हणाल्या. घरभेदी. गोळ्या दिल्या. थोडा उशीर झालाय, म्हणाल्या. पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. मी वाफ घेत होतो हे सांगितलं नाही.

"गाणं?"

"मोठा आवाज बंद. स्पीकर, ड्रम, सगळं."

"पळणं?"

"पळा की. चांगलं आहे."

मग विचारू नये ते विचारलं. "उजवा?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. लोक पेन खाली ठेवतात तेव्हा मला भीती वाटते. "काहींचा टिकतो. काहींचा जातो, पटकन जातो. उजव्याला जरा काही वाटलं तर सकाळची वाट बघू नका, निघून या."

बाहेर रस्त्यावर आलो. रिक्षा, भाजीवाला, कुणाचं तरी भांडण. सगळं उजवीकडून येत होतं. शहराचा अर्धा भाग कुणी उचलून नेलेला. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. 

हिला सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल.

२७ जानेवारी, सोमवार

उठल्यावर पहिलं काम — उजव्या कानाशी दोन बोटं चोळायची. खसखस ऐकू आली की डोळे उघडायचे.

संस्कृतात कानाला द्विवचन आहे, मराठीने ते टाकून दिलं. लहानपणी मला बरं वाटलं होतं, एक रकाना कमी पाठ करायचा! भाषेला बहुतेक पुढचं दिसत होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

"ही गोळी कसली?" हिने पाकीट माझ्यासमोर धरलं.

"गुडघ्याची."

"गुडघ्याला एवढ्या?"

"दोन गुडघे आहेत मला."

ती हसली नाही. पाकीट जागेवर ठेवलं, वर पाण्याचा पेला आणून ठेवला. दुपारी भावाशी फोनवर खूप वेळ बोलत होती, आतल्या खोलीत. मी उजवा कान दाराला लावला. मग मलाच ते नको झालं. उरलेला कान आता चोऱ्या करण्यात घालवायचा का?

९ फेब्रुवारी, रविवार

लांब पल्ला. एक शब्द नाही, नुसते हिसके. मी दर दहा पावलांना मान मागे वळवून बघतो, चोर पोलिसांना बघतो तसा. मागून काही आलं की दोरीत आधी मेव्हण्याचा हात घट्ट होतो. मग मला कळतं. मग मी वळून बघतो. आता हे असंच चाललंय. कोण कुणाला पळवतंय, हे फलकावर लिहायला नको.

सांगायला हवं त्याला. आंधळ्याला बहिऱ्याच्या हाती देणं म्हणजे गुन्हा आहे. पण सांगितलं तर दुसरा सोबती शोधायला वेळ उरलेला नाही. तो पळणार नाही आणि शाळेची खोली राहून जाईल. मी स्वतःला हे कारण देतो. खरं कारण असं की ही दोरी सुटली की मला कुठे धरायचं ते माहीत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी उजव्या कानात बारीक शीळ. डास असावा तशी. चहा होईपर्यंत होती, मग गेली.

जरा काही वाटलं तर निघून या, म्हणाल्या होत्या. डास होता. मी डास शोधला. सापडला नाही.

गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी पेन खाली ठेवलं असतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उद्या मॅरेथॉन आणि आज शो. शाळेच्याच सभागृहात, शाळेसाठीच. रद्द करायला ढोल्याकडे गेलो होतो. काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मास्तर, आज स्पीकर नको. मी ड्रमही आणत नाही."

"का?"

"आमच्या वाड्यातल्या बायकांनी तक्रार केलीय."

तो वाड्यात राहत नाही. पाचव्या मजल्यावर राहतो, शेजारी कुणी नाही.

त्याने पुठ्ठ्याचा खोका आणला आणि बोटांनी वाजवला. कीबोर्डऐवजी शाळेची जुनी पेटी. मी चिमट्याचं यंत्र उघडउघड लावलं, टोपीशिवाय. मुलं पुढे येऊन जमिनीवर बसली, माझ्या उजवीकडे सगळी. कुणी बसवलं त्यांना तिकडे?

इतकं हळू मी कधी गायलो नव्हतो. मुलं ऐकतात म्हणजे अंगभर ऐकतात. एक मुलगी गिटारच्या पाठीला तळवा लावून बसली होती शेवटपर्यंत. मी हावऱ्यासारखा ऐकत होतो. पेटीचा भाता, खोक्यावरची नखं, माझाच आवाज, कुणाचं तरी नाक ओढणं. सगळं भरून ठेवत होतो, कुठे ते माहीत नाही.

संपल्यावर मेव्हणा म्हणाला, "सुरात होतात, भाऊजी."

"यंत्र होतं."

"गळ्याला कुठे यंत्र होतं?"

उद्या पळायला सुरुवात करण्याआधी सांगणार. ठरलं. लिहून ठेवतो म्हणजे पळता येणार नाही. वाक्य विचित्र झालंय, असू दे.

शीळ पुन्हा आलीय. संध्याकाळपासून.

२३ फेब्रुवारी, रविवार

बोटं चोळली. काही नाही. जोराने चोळली. हिचे ओठ हलत होते. मी काय बोललो ते मलाच ऐकू आलं नाही, पण मोठ्याने बोललो असणार, कारण ती दचकली.

मेव्हणा पळायच्या कपड्यांत आला, छातीवर क्रमांक लावून. त्याला काय सांगायचं आणि कसं, याची मी जुळवाजुळव करत होतो. त्याने हात पुढे केला, चाचपून माझं मनगट शोधलं, दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. एक हिसका.

फाटकातून उजवीकडे शर्यत, डावीकडे दवाखान्याचा रस्ता. मी सवयीने उजवीकडे निघालो. लांब ओढ. मग दोन हिसके. ही भाषा दोन्ही बाजूंनी बोलता आली पाहिजे असं तो का म्हणाला होता, ते मला तिथे कळलं.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. शर्यत सुटली असेल. ही आत डॉक्टरीणबाईंशी बोलतेय, काचेतून दिसते. त्यांच्या हातात अजून पेन आहे. मेव्हणा शेजारी बसलाय, क्रमांकासकट, दोरी सोडलेली नाही. मधूनच एक हिसका देतो. पुढे मोकळं आहे, म्हणतो.

त्याला काय दिसतंय? तरी मीही एक दिला.