भाग ३७ च्या आभाळातला डाग परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
चित्रफीत जतन व वितरण कार्यालय,
तळमजला, जुनी गोदाम इमारत.

विषय : 'बगळे मास्तर' या कार्टून मालिकेच्या संपूर्ण संचातील भाग ३७ मधून काढून टाकलेला अंगठ्याचा ठसा पूर्ववत करणे व त्या भागाचे मूळ रीळ नष्ट न करणे.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज, दोन पाने.
२) माझा दुसरा अर्ज, सात पाने.
३) आपले उत्तर, जावक क्र. ४१८, दीड ओळ.

महोदय,

हा माझा तिसरा अर्ज. आधीचे दोन रागाच्या भरात लिहिले गेले. रागात माणूस सगळेच सांगत बसतो आणि मुख्य गोष्ट राहून जाते. या खेपेला मुख्य गोष्टच लिहीत आहे. मात्र ती कळण्यासाठी थोडे मागून सुरू करावे लागेल, तेवढे सांभाळून घ्यावे.

१. माझे वय एकोणऐंशी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षे नोकरी झाली. एकदा कानावर पडलेला आकडा माझ्या डोक्यातून जात नाही, त्यामुळे 'बगळे मास्तर'चे साठही भाग मला क्रमाने पाठ आहेत. आपल्या कार्यालयातील तरुण मंडळींनी मालिका पाहिली नसेल, तर सांगते. बेडकांच्या शाळेत एक बगळा मास्तर म्हणून लागतो. तो एका पायावर उभा राहून शिकवतो, त्याला सदैव भूक लागलेली असते, आणि साठ भागांत तो एकाही विद्यार्थ्याला खात नाही. गोष्ट एवढीच. दहा-दहा मिनिटांची ही चित्रे आधी थिएटरात मुख्य चित्रपटाच्या अगोदर दाखवत. पुढे वर्षानुवर्षे रविवारी सकाळी टीव्हीवर लागत. मग एकतीस वर्षांपूर्वी ती बंद झाली, आणि तेव्हापासून मी वाट पाहत होते.

२. गेल्या हिवाळ्यात आपल्या कार्यालयाने बारा तबकड्यांचा संच काढला. माझ्या भाच्याने तो मला वाढदिवसाला आणून दिला. वरच्या खोक्यावर 'संपूर्ण' असे लिहिले आहे. भाग १२ आणि भाग २१ या नावांखाली एकच भाग दोनदा आहे, तेव्हा संपूर्ण म्हणजे काय हे आपणच ठरवावे. हल्लीच्या रुंद टीव्हीवर चित्र बसावे म्हणून वरून आणि खालून कापले आहे. त्यामुळे मास्तरांचा पाय दिसत नाही. एका पायावर उभा असलेला बगळा ओळखायला तो एक पाय दिसावा लागतो, महोदय. प्रत्येक भागाच्या सुरुवातीची हजेरीही 'तीच ती आहे' म्हणून कापली आहे. ती तीच ती नव्हती. मागच्या बाकावरचा बारका बेडूक दर वेळी वेगळ्या आवाजात 'हजर' म्हणायचा. एका भागात तर त्याचा घसा बसला होता.

हे सर्व मी दुसऱ्या अर्जात भागवार लिहिले होते. त्या सर्व तक्रारी मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे. पाय आपल्याकडे राहू द्या, हजेरीही राहू द्या. मला फक्त भाग ३७ विषयी बोलायचे आहे.

३. माझी धाकटी बहीण या मालिकेच्या रंगखात्यात कामाला होती. मालिकेच्या शेवटी जी नावे येतात त्यांत रंगखात्याच्या मुलींची नावे नाहीत, म्हणून ही गोष्ट आपल्या नोंदीत सापडणार नाही. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला लागून लांब टेबले होती आणि तिथे बावीस मुली बसत. चित्र पारदर्शक तावावर रेघांनी काढलेले येई. मुलींनी ताव उलटा करून मागच्या बाजूने रंग भरायचा. तावाला बोट लागले की डाग पडतो, म्हणून हातात पांढरे सुती मोजे घालावे लागत. ब्रश धरायच्या हाताच्या मोज्याची तीन बोटे कापलेली असत. ताव धरायच्या डाव्या हाताचा मोजा मात्र अखंड हवा, असा नियम होता. मोजे घरून धुऊन, शिवून आणायचे. बहीण रोज संध्याकाळी ते दोरीवर वाळत घाली. घरात शिरणाऱ्याला वाटावे, कोणी तरी टाटा करते आहे.

तिला त्या कामाचे कौतुक फार. घरी आली की सांगायची, आज अकरा बेडूक केले, आज नुसते डोळेच केले. मी म्हणायचे, एवढी शिकून बेडूक रंगवतेस. ती म्हणायची, 'आणि तू काय करतेस, ताई? दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून देतेस.'

४. भाग ३७ मध्ये बेडकांना सुट्टी हवी असते. पाऊस आला तर सुट्टी, असे मास्तर म्हणतात, आणि सगळा वर्ग बाहेर येऊन वर बघतो. शाळेच्या छपरावर उजवीकडे एक ढग आहे. हा ढग दीड सेकंद दिसतो. तो एकाच तावावर रंगवलेला होता आणि तोच ताव कॅमेऱ्यात छत्तीस वेळा टिपला गेला. त्या ढगाच्या कडेला, छपराच्या टोकापासून थोडा वर, राखाडी रंगात एक अंगठा उमटलेला होता. डाव्या हाताचा. तो माझ्या बहिणीचा.

तेव्हा ती वीस वर्षांची होती. रंगखात्याच्या मुख्य बाईंना तो डाग चित्र टिपून, फीत धुऊन आल्यावर दिसला. परत टिपण्याइतका वेळ नव्हता म्हणून तो तसाच गेला. बहिणीला सगळ्यांसमोर बोलणी बसली. घरी आली ती हसतच. म्हणाली, 'ताई, मी आभाळात गेले.'

आम्ही दोघी थिएटरात बघायला गेलो. दीड सेकंद येण्याआधीच तिने माझ्या बरगडीत कोपर मारले. पडद्यावर तो अंगठा खिडकीएवढा होता. त्यावरच्या रेषासुद्धा दिसत होत्या. मागची बाई दुसऱ्या बाईला म्हणाली की ढग अगदी खराखुरा काढलाय हो. यावर बहीण इतकी हसली की आम्हाला बाहेर यावे लागले. मुख्य चित्रपट आम्ही त्या दिवशी पाहिलाच नाही.

५. बहीण तेहतिसाव्या वर्षी फुप्फुसाच्या आजाराने गेली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तेव्हा चार वर्षांचा होता. त्याचे वडील बाहेरगावी नोकरीला, त्यामुळे तो माझ्याकडेच वाढला. त्याला आईचा चेहरा आठवत नाही. फोटो आहेत, पण ते सगळे फोटोग्राफरने सरळ उभे राहा म्हटल्यावर काढलेले. त्यांतली बाई कोणाचीही आई असू शकते.

एका रविवारी टीव्हीवर भाग ३७ लागला. मी त्याला मांडीवर घेऊन म्हटले, 'ती बघ आई.' त्याने विचारले, 'ढगात?' मी म्हटले, ढगात नाही रे, ढगावर, ते बोट बघ. पुढच्या खेपेला तो टीव्हीला नाक लावूनच बसला आणि बरोबर त्या क्षणी त्याने आपला अंगठा काचेवर टेकवला. त्यानंतर दर खेपेला तेच. बटणाएवढा तो ठसा आणि त्यावर त्याचा जॅम लागलेला अंगठा. आमच्या टीव्हीची काच उजवीकडे वर कधी पुसली गेली नाही. पाहुणे म्हणत, इथे राहिलंय बघा. मी म्हणत असे, असू दे.

६. यंदा आम्ही संच लावला. भाचा आता सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि चष्मा लावतो. आम्ही पहिल्या भागापासून सुरू केले नाही. त्याने सरळ आठवी तबकडी घातली. मास्तर बाहेर आले, बेडूक बाहेर आले, सगळ्यांनी वर पाहिले. ढग स्वच्छ होता.

भाच्याने भाग मागे नेला. त्याने पुन्हा लावले. मग उठून फडके आणले आणि टीव्हीची काच पुसली. पुन्हा लावले. मग म्हणाला, 'मावशी, भाग चुकला असेल.' भाग चुकलेला नव्हता. तो चहा ठेवायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. चहाही आला नाही.

चित्र वरून कापल्यामुळे असे झाले असेल, हा विचार मीही केला. परंतु अर्धा ढग चौकटीत आहे आणि अंगठ्याची जागा त्या अर्ध्यातच येते. म्हणजे तो कापला गेलेला नाही. पुसला गेला आहे. संचासोबतच्या पुस्तिकेत पान चारवर आपण अभिमानाने लिहिले आहे की प्रत्येक चौकटीतली घाण, ओरखडे आणि बोटांचे ठसे काढून चित्र नव्यासारखे केले आहे.

७. माझ्या पहिल्या अर्जावर आपण बदली संच पाठवलात. आता माझ्याकडे अंगठा नसलेले दोन संच आहेत. दुसऱ्या अर्जावर उत्तर आले की 'सदर चित्रात कोणताही दोष आढळून आला नाही.' महोदय, माझी तक्रार हीच आहे.

म्हणून मागच्या आठवड्यात मी स्वतः आपल्या कार्यालयात आले. खिडकीवरच्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिले. सगळे ऐकून त्या म्हणाल्या, 'आजी, डाग आहे म्हणून भांडायला रोज कोणी तरी येतं. डाग नाही म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच.' त्यांनी आतून साफसफाईच्या तंत्रज्ञांना बोलावले. ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी मला समजावले की यंत्र एका चौकटीत असलेली आणि पुढच्या चौकटीत नसलेली गोष्ट घाण समजून काढते. एकच डाग छत्तीस चौकटी सलग असेल तर यंत्र त्याला चित्राचाच भाग समजते. मग भाग ३७ म्हटल्यावर ते थांबले. म्हणाले, 'तो मीच काढला, आजी. हातानं. दोन दिवस लागले. फार चिवट होता.'

मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. त्यांनी मन लावून काम केले. माझी बहीणही मन लावूनच काम करायची. माझी विनंती आहे की या अर्जामुळे त्यांना कोणी बोलू नये. तिला एकदा बोलणी बसली, तेवढी पुरे.

त्यांना ठसा आणि घाण यांतला फरक दाखवावा म्हणून मी या पानाच्या समासात शाईने माझा डावा अंगठा लावला आहे. मला सही करता येते, ती खाली केली आहे. अंगठा केवळ नमुन्यादाखल समजावा.

८. त्याच तंत्रज्ञांकडून कळले की मूळ रिळे गोदामात आहेत, आणि जागा अपुरी असल्याने साफसफाई झालेल्या भागांची रिळे या महिनाअखेर नष्ट करायची आहेत. यादीत अनुक्रमांक ३७ आहे. त्या रिळाशिवाय तो अंगठा जगात दुसरीकडे कुठेही नाही. तेव्हा माझ्या मागण्या उतरत्या क्रमाने लिहिते, म्हणजे आपल्याला जिथे जमेल तिथे थांबता येईल.

(अ) रीळ क्र. ३७ यादीतून वगळावे.
(आ) ते जमत नसल्यास त्या भागाची न पुसलेली प्रत काढून द्यावी.
(इ) तेही जमत नसल्यास रीळ नष्ट करण्यापूर्वी मला व माझ्या भाच्याला एकदा दाखवावे. दोन खुर्च्या पुरतील. दीड सेकंदाचे काम आहे.
(ई) यांतले काहीच नियमात बसत नसेल, तर त्या छत्तीस चौकटींचा तुकडा कापून द्यावा. दीड हात भरेल. नाही तरी जायचाच आहे. कात्री मी आणीन.

९. एक गोष्ट राहिली. ती अर्जात लिहावी की नाही यावर मी दोन दिवस घालवले. परंतु आपण विचाराल की नियम कडक असताना डाव्या हाताचा अंगठा तावाला लागलाच कसा. त्याचे उत्तर माझ्याकडेच आहे.

त्या सकाळी तिच्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडले होते. ती मोजा घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, 'ताई, एक टाका घालून दे ना, माझी बस जाईल.' मलाही ड्यूटी होती, मी केस विंचरत होते. मी म्हटले, 'तुला हात नाहीत?' ती तसाच मोजा घेऊन गेली.

बोलणी तिला माझ्यामुळे बसली. हे तिने मला कधी ऐकवले नाही. आभाळात गेले म्हणाली आणि हसली. ती बोलणी खाऊन आली त्या संध्याकाळी मी टाका घातला, पण तो मोजा तिने पुन्हा वापरला नाही. म्हणाली, राहू दे, हा लकी आहे. भाच्याला मी ढग दाखवला, बोट दाखवले, सगळे सांगितले, पण हे सांगितले नाही. त्याला वाटते ते बोट सहज लागले. बेचाळीस वर्षे तो तसेच समजतो आहे. आई कशी होती असे विचारतो तेव्हा मी तिच्या हसण्याबद्दल सांगते, मोज्याबद्दल नाही.

म्हणजे महोदय, आपण जो ठसा पुसलात त्यात ती आहे आणि थोडी मीही आहे. माझा भाग पुसला गेला याचे मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही.

१०. मागच्या आठवड्यातल्या फेरीपासून माझे गुडघे बसच्या पायऱ्या मानत नाहीत, म्हणून हा अर्ज भाचा स्वतः आपल्या कार्यालयात आणून देईल. पाकीट मी चिकटवलेले नाही. येताना बसमध्ये त्याला पाऊण तास मिळतो.

त्याने आपल्याकडे काही विचारले, तर कृपया त्याला रीळ दाखवावे.

आपली नम्र, महिनाअखेरीची वाट पाहणारी,

(सही)
अर्जदार, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर

दिनांक : चालू महिन्याची अकरा तारीख

सोबत :
१. आपले उत्तर, जावक क्र. ४१८, मूळ.
२. तबकडी क्र. ८, दोन नग, दोन्ही दोषरहित.
३. भाग ३७ च्या ढगाचे आठवणीने काढलेले चित्र, ठशाच्या जागी फुली.
४. सुती हातमोजा, डावा, एक. अंगठ्याला टाका घातलेला. पाहून भाच्याच्या हाती द्यावा.