फाटकापलीकडचा आवाज

३ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघे बरे आहेत असं लिहिलंयस, पण अक्षर वाकडं आलंय, म्हणजे पलंगावर पडूनच लिहिलेलं दिसतं. डॉक्टरांना फसव, मला नको. मी ठीक आहे. जाहिरातींची कामं चालू आहेत. गेल्या आठवड्यात एका गादीच्या जाहिरातीसाठी जांभई देणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज दिला. एकवीस जांभया दिल्यावर त्यांना पहिलीच आवडली. घरी येऊन मी दिवसाढवळ्या झोपलो.

आता तुला हवी ती बातमी. रेकॉर्डिंग झालं.

तुझ्या नवऱ्याला, आमच्या भोंग्याला, तूच राजी केलंस, तेव्हा सगळं सांगायला हवं. नऊची वेळ होती, स्वारी आठलाच दारात हजर. पायात जुने बूट, अंगात ते काळं चामडी जाकीट. बटणं लागत नाहीत हे त्याला घरी कुणी सांगत नाही का? बँड मोडल्यावर बावीस वर्षांनी आम्ही दोघं एका काचेमागे उभे राहिलो, तर पहिली पाच मिनिटं नुसतेच एकमेकांची पोटं बघून हसत होतो. रेकॉर्डिंग करणारी मुलगी आमच्या शेवटच्या कार्यक्रमाच्या वेळी फार तर पाळण्यात असेल. केस बारीक कापलेले, कानामागे पेन्सिल, बोलणं मोजूनमापून. तिला गाडी येत नाही हे कळल्यावर भोंग्याने तिला माझ्या गिटारच्या पेडलवर पाय ठेवायला लावून क्लच कसा सोडायचा ते शिकवलं. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर तो, सुटणार थोडाच! तिला तीनदा 'बंद पडली गाडी, पुन्हा' असं खेकसला आणि ती मुलगी चक्क हसली.

गाणं 'फाटक'. तूच रेडिओचा कान पिरगाळून आम्हा दोघांना ते पहिल्यांदा ऐकवलंस. रेकॉर्ड कंपनीच्या नव्या पोरांना मात्र ते माहीत नव्हतं, म्हणून मला शिकवणी घ्यावी लागली. रेल्वेचं फाटक बंद आहे, दोन मित्र दोन बाजूंना उभे. अलीकडचा म्हणतो तू पुढे हो, पलीकडचा म्हणतो मी थांबतो. शेवटी तो एकच 'थांबतो' सोळा मात्रा ओढायचा, मग अलीकडच्याची एक ओळ आणि संपलं. त्या एका शब्दासाठी लोक आमच्या कार्यक्रमाला शेवटपर्यंत बसायचे, आणि तो शब्द नेहमी भोंग्याचा. अलीकडचा मी.

तीन वेळा गायलो. छान झालं. त्याचा आवाज कसा लागला असं तू विचारशील. लागला. या वयात लागतो तसा लागला. दुपारी त्याच्या एका शिकाऊ बाईंची लायसन्सची परीक्षा होती म्हणून तो तीनला निघाला. मी दोन दिवस मागे राहून किरकोळ कामं उरकली.

एक सांगायचं राहिलं. त्याने कच्ची प्रत मागितली तर म्हणावं, तसली प्रत कुणाला देत नसतात. उगाच त्या मुलीला फोन करत बसेल. गाणं बाहेर पडलं की ऐकेलच.

गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा


१९ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. तुझे दोन फोन मी उचलले नाहीत, रागावू नकोस. लहानपणी दूध सांडलं तरी तुझ्या नुसत्या 'काय रे'ने मी सगळं ओकायचो. कागदावर जरा तरी दम धरता येतो.

गाणं बाहेर पडून तीन आठवडे झाले. इतकं चालेल असं कंपनीलाही वाटलं नव्हतं. माझं कुणी नाव घेत नाही, सगळे पलीकडच्या आवाजाबद्दल बोलतायत. 'साठी उलटलेल्या गळ्यात विशीचं पोलाद' असं कुणीतरी पेपरात लिहिलं. ते कात्रण त्याने शिकवणीच्या गाडीत स्टिअरिंगसमोर चिकटवलंय म्हणे, आणि शिष्यांना वळण घ्यायच्या आधी ते वाचायला लावतो. तू हसत हसत लिहिलंयस. मी ती ओळ वाचून पत्र घडी घालून ठेवलं.

त्याचा मला फोन आला होता. "लंब्या, अरे हा मीच ना? कानातलं मशीन घालून ऐकलं, काढून ऐकलं. मला वाटलं होतं गेलं सगळं. आहे की रे अजून गळ्यात!" तो रडत होता, ताई. त्याला मी शाळेत मार खातानाही रडताना पाहिलं नव्हतं.

आणि आता त्याने नऊ मेचा कार्यक्रम घेतलाय. मला विचारून घेतला असता तर काही करता आलं असतं. बाराशे खुर्च्यांचं सभागृह, शेवटी 'फाटक', सगळं समोरासमोर. तो रोज पहाटे गच्चीवर त्या 'थांबतो'चा सराव करतो असं तू लिहितेस. जमत नाही तेव्हा म्हणतो, माईकसमोर उभा राहिलो की येतो आपोआप, त्या दिवशी नाही का आला.

तू त्याला थांबव. काहीही निमित्त काढ. तुझे गुडघे आहेत, त्याचं ब्लडप्रेशर आहे. म्हण की डॉक्टर नको म्हणाले. तुझा शब्द तो खाली पडू देत नाही.

कारण विचारणारच तू. आवाजाची थोडी डागडुजी केली होती. आता थोडी म्हणजे किती? ताई, पहिल्या कडव्यापासून त्या शेवटच्या 'थांबतो'पर्यंत पलीकडच्या बाजूलाही मीच आहे. जन्मभर त्याच्या शेजारी उभा राहिलोय, त्याचा आवाज मला माझ्यापेक्षा चांगला येतो. ती दोन दिवसांची किरकोळ कामं म्हणजे हेच.

त्याच्या भल्यासाठी केलं. त्याचा 'थांबतो' तिन्ही वेळा फाटला होता. लोक हसले असते, ते मला बघवलं नसतं. म्हातारपणी त्याची शोभा झाली असती तर तुलाही आवडलं नसतं.

त्याला मात्र हे सांगू नकोस. एवढं ऐक माझं. कार्यक्रम तेवढा टळू दे, बाकीचं मी बघतो.

तुझा,
धाकटा


२६ एप्रिल

प्रिय भोंग्या,

नमस्कार लिहिला आणि खोडला. आपण एकमेकांना नमस्कार केला तो एकदाच, तुझ्या लग्नात, तोही ताईने डोळे वटारले म्हणून.

ताईने माझं मागचं पत्र परत पाठवलं. वर एकच ओळ लिहिली होती, 'हे मला नाही, त्याला लिही. नऊ तारखेच्या आत.' ते पत्र सोबत ठेवलंय. पाकिटात एक पेन ड्राइव्हही आहे, त्यावर तुझी तिसरी खेप आहे. तू खरी गायलेली. आधी हे वाचून संपव आणि मग ती ऐक, शक्यतो ताई घरात असताना.

रेकॉर्डवर तू नाहीस. दोन्ही बाजूंना मी आहे. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या माईकसमोर उभा राहिलो आणि तुझा सगळा भाग पुन्हा गायलो, तुझ्या पंचविशीच्या आवाजात. लोक वाखाणतायत तो तुझा गळा नाही. ज्या फोनवर तू रडलास त्या फोनवर हे मी सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "अरे म्हणजे काय, तूच!" माझ्याच तोंडाने म्हणालो.

आपल्यात एक नियम होता. दौऱ्यात तुझा घसा बसला की तू माईकच्या दांड्यावर दोन टिचक्या मारायचास, मी मागे अंधारात सरकून तुझा सूर ओढायचो आणि तू ओठ हलवायचास. समोरच्या कुणाला कधी पत्ता लागला नाही. पण टिचकी नाही तर मी नाही. एकदा तापात तू गायलास, सूर गडगडत होता, ड्रमवाला मला डोळ्यांनी खुणावत होता, आणि तू काही टिचकी मारली नाहीस. मी तोंड उघडलं नाही. कार्यक्रम पडला आणि तू माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालास, "बरं केलंस." बावीस वर्षांत दुसरं सगळं विसरलो असेन, हे विसरलो नव्हतो. या वेळी तू टिचकी कुठून मारणार? तू त्या खोलीतच नव्हतास.

ती पेन्सिलवाली मुलगी नको म्हणत होती. "काका, हा फाटलेलाच ठेवू या," असं दोनदा म्हणाली. मग विचारलं, "दुसरे काका ऐकतील तेव्हा?" मी म्हणालो, "त्याला कमी ऐकू येतं."

हे वाक्य मी उच्चारलं, भोंग्या. तुझा डावा कान कुणाच्या अॅम्प्लिफायरशेजारी उभं राहून गेला, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. तू तेव्हा म्हणायचास, जरा कमी कर. मी कधी केला नाही.

आता उरलेलं लिहितो. ते ताईलाही लिहिलं नाही, स्वतःशीसुद्धा दोन महिने कबूल केलं नव्हतं. ताईला मी लिहिलं की तुझ्या भल्यासाठी केलं, लोक हसले असते. साफ खोटं आहे. कुणी हसलं नसतं. तिसऱ्या खेपेला 'थांबतो' चौथ्या मात्रेवर फाटला, पण तू सोडला नाहीस. सूर गेला तरी नुसत्या श्वासावर सोळाच्या सोळा मात्रा उभा राहिलास. मी काचेतून बघत होतो. माझी शेवटची ओळ त्यानंतर यायची होती, ती मला आलीच नाही, म्हणून मी खोकल्याचं सोंग केलं. तुला वाटलं मला ठसका लागला, तू पाणी आणून दिलंस.

तू गेल्यावर त्या मुलीने ती खेप लागोपाठ तीनदा लावली. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की माझ्या बाजूचा आवाज तिने बंदच ठेवलाय. मला हिणवायला नाही, बिचारीच्या ध्यानातही नव्हतं. तिला तेवढंच ऐकायचं होतं. मग मी तिला माझा आवाज लावायला सांगितलं. तुझ्यापुढे तो असा लागत होता की कुणी काहीतरी विकतंय. जन्मभर आवाज सांभाळला, गार पाणी प्यायलो नाही, सिगरेट सोडली, आणि तू गाड्यांमधून लोकांवर ओरडून ओरडून गळ्याचं मातेरं केलंस, तरी गाणं तुझंच.

वाईट होतं म्हणून मी ते काढलं नाही. माझ्यापेक्षा चांगलं होतं म्हणून काढलं. आणि वर तुझ्यावर उपकार केल्याचा आव आणला. माझी लाज मला वाटते हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही.

आता कामाचं. नऊ तारखेला त्या रेकॉर्डवरच्या आवाजाच्या भरवशावर उभा राहू नकोस. तो येणार नाही, कारण तो तुझ्याकडे कधी नव्हताच. पहाटे गच्चीवर जमत नाही ते तू म्हातारा झालास म्हणून नाही, माझी नक्कल करतोयस म्हणून. पेन ड्राइव्हवर आहे तसा गायचा असेल तर जरूर जा. पट्टी दोन सुरांनी खाली घे, वाद्यवाल्यांशी मी बोलीन. अलीकडच्या बाजूला मला उभं करायचं की दुसऱ्या कुणाला, की कार्यक्रमच नको, हे तू सांगशील तसं. त्या मुलीकडे तिन्ही खेपा जपून ठेवलेल्या आहेत. कंपनीला आणि लोकांना खरं काय ते मी माझ्या नावाने सांगायला तयार आहे, मजकूर लिहूनही ठेवलाय. अजून पाठवला नाही, कारण तुला न विचारता एकदा ठरवून झालंय. तू ऐक आणि मग सांग, पाठवू का आणि कधी.

ताईवर रागावू नकोस. तिला आठवड्यापूर्वीपर्यंत काही माहीत नव्हतं, आणि कळल्यावर तिने एक दिवसही घालवला नाही.

ते गाडीतलं कात्रण तू काढू नकोस. मी येऊन काढीन, तू येऊ दिलंस तर. शिष्यांपैकी कुणी विचारलं तर त्यांनाही मीच सांगीन.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं. पण उत्तर काय यावं हेही मीच ठरवतोय असं वाटलं, म्हणून थांबलो. शाळेपासून तुला जेवढी पत्रं लिहिली त्या सगळ्यांखाली 'तुझा' लिहून मोकळा झालो, कधी विचार केला नाही. आज तो शब्द लिहायचा की नाही हे तू कळव. तोवर,

ताईचा धाकटा भाऊ