काठावरची मास्तरीण

३ मार्च
सकाळी पोहण्याच्या तलावाच्या मॅनेजरांचा फोन. मी गळ्याच्या भोकावर अंगठा दाबून "बोला" म्हटलं. तर पलीकडून — "साहेब, मॅडम आहेत का घरात?"
मीच मॅडम, म्हटलं. त्यांचा दोष नाही. कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढून टाकल्यावर घशात बसवलेल्या झडपेतून जो आवाज निघतो तो कुठल्याही बाईचा वाटत नाही. बाईची साहेब झाले. बढतीच की!
त्यांचं म्हणणं, पोहणं शिकवायला आता दुसरी बाई बघू, तुम्ही तिकीट-खिडकीवर बसा. बसून काम, ओरडायला नको, पाण्याशी संबंध नको. माणूस चांगला आहे. विचार करून सांगते म्हटलं. विचार करण्यासारखं काही नाही. खिडकीत बसणार नाही.

६ मार्च
जाऊबाई येऊन गेल्या. माझ्याशी गावभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलत होत्या. पाटीवर लिहून दाखवलं — घसा गेलाय, कान शाबूत आहेत. त्या ओशाळल्या आणि लगेच कुजबुजायला लागल्या. तेही नको!
गळ्याभोवती बांधायला रेशमी रुमाल आणला होता. चार लोकांत बरं दिसतं, म्हणाल्या. रुमाल छान आहे. कपाटात ठेवला. भोकावर जाळीचं कापड लावते तेवढं पुरे. झाकून फिरायला मी काय कुणाचं घर फोडलंय?

११ मार्च
आज घाबरले. लिहून टाकते.
अंघोळ करताना गळ्यावरचं रबरी झाकण जरा सरकलं आणि पाण्याचा एक थेंब आत गेला. एक थेंब! खोकून खोकून डोळ्यांपुढे अंधारी. नळ घट्ट धरून उभी राहिले. जिचं अर्धं आयुष्य पाण्यात गेलं, तिला आता तांब्याची भीती.
बाहेरून नवऱ्याची हाक — "मास्तरीण, आहेस ना?" मी बादलीवर दोनदा टकटक केलं. साबणाच्या हाताने अंगठा दाबून बोलता येत नाही, म्हणून हा आमचा ठराव. तो दर अंघोळीला दाराशी उभा असतो. मला चेष्टा सुचते, पण करत नाही.
नंतर रडले. माझ्या रडण्याला आता आवाज नाही. सोयीचं आहे तसं.

१८ मार्च
कामाचा पहिला दिवस. मॅनेजरांना सांगितलं होतं, मोठ्या बायकांचा वर्ग द्या, जीवरक्षक पाण्याजवळ राहू दे, मी काठावरून शिकवते. महिनाभर बघू म्हणाले. घरून नवऱ्याची अट — काठापासून दोन हात लांब आणि पायात रबरी बूट.
बायका माझ्या गळ्याकडे बघत होत्या. बघू दिलं. मग सांगितलं, मी इथून श्वास घेते, म्हणून पाण्यात येणार नाही, तुम्ही जाणार. एकीने विचारलं, दुखतं का? नाही म्हटलं. विषय संपला.
हात कसे मारायचे हे काही केल्या कळेना, तेव्हा सरळ फरशीवर पालथी पडले आणि करून दाखवलं. सगळ्या हसल्या. मीही, बिनआवाजी. पूर्वी घसा ताणून ओरडायचे तेव्हा निम्म्या ऐकत नसत. आता हळू बोलते तर सगळ्या जवळ येऊन कान देतात!

२१ मार्च
वास येत नाही. नाकातून हवाच जात नाही, तर येणार कुठून? क्लोरीनचासुद्धा नाही. आठवण येते — क्लोरीनची! हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

२ एप्रिल
तपासणी झाली. डॉक्टरांनी मान चाचपली, नळीने आत बघितलं. सगळं स्वच्छ.
मला नाचावंसं वाटत होतं. नवरा गाडीची किल्ली शोधत बसला, दोन्ही खिसे, माझी पिशवी. किल्ली त्याच्याच मुठीत होती! मी हसून बेजार. मग घरी आल्यावर त्याने सगळ्यांना फोन केले. आमची वाघीण आहे, म्हणत होता.

९ एप्रिल
वर्गात एक बँकेतली बाई आहे. पहिल्या दिवसापासून कठड्याला घोरपडीसारखी चिकटलेली. आज तिने हात सोडले. चार श्वास तरंगली, मग घाबरून परत कठडा. वर येऊन विचारते, तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही का?
मी अंगठा दाबून म्हटलं, "रोज वाटते. अंघोळीच्या वेळी." ती हसली नाही. मला ते बरं वाटलं.
मॅनेजर म्हणाले, पुढचा वर्गही तुमचाच.
रात्री जेवताना नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. तो ऐकत होता, पण हसला उशिरा. मग म्हणाला, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायची कामं त्याने कामावरच्या जोडीदाराकडे दिलीत. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून कंटाळा आला असेल. मी म्हटलं, बरं केलंस, गुडघे सांभाळ.

१४ एप्रिल
सकाळी हा म्हणाला, हॉस्पिटलला चल. माझी काही तपासणी राहिली असेल असं वाटलं. गेलो ते मानसोपचाराच्या खोलीपाशी. सिस्टरने आडनाव पुकारलं, मी सवयीने उठले. ती म्हणाली, तुम्ही नाही, हे. याने स्वतःच स्वतःचं नाव नोंदवलं होतं. कधी, मला माहीत नाही.
"तुझं ऑपरेशन झाल्यापासून झोप येत नाही गं," एवढंच बोलला आणि आत गेला.
मी बाकावर बसले. इथून आतलं काहीच ऐकू येत नाही.